अस्वलासाठी कुंपण घालण्याआधी विहिरी बघा

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या काजू बागायतीत अस्वल येतंय; इटलीतल्या गावांनी तपकिरी अस्वलासाठी केलं तसं इथे जमेल का आणि सौर कुंपणाला सामान किती लागेल, असं तुम्ही विचारलंय. जमेल. पण तिथली सामानाची यादी जशीच्या तशी उचलू नका.

मध्य इटलीतल्या आब्रुझ्झोच्या डोंगरात मार्सिकन तपकिरी अस्वलं जेमतेम पन्नास-साठ उरली आहेत, त्यामुळे एक मादी गेली तरी फटका मोठा. 2023 च्या ऑगस्टअखेरीस ‘आमारेना’ ही पिल्लांची आई गोळीला बळी पडली. तिथे खुराडी आणि मधाच्या पेट्या विजेच्या कुंपणात घेतात, गावातली सफरचंदं वेळेत उतरवतात. शिवाय रानात सोडून दिलेल्या सफरचंदाच्या झाडांची छाटणी करतात, म्हणजे ती पुन्हा धरतात आणि अस्वलाला गावाबाहेरच फळ मिळतं.

आपलं अस्वल वेगळं. ते वाळवी, मुंग्या, मध, जांभळं, करवंदं आणि बोंडू (काजूचं फळ) खातं. कोंबड्यांत त्याला फारसा रस नाही. थंडीत ते झोपूनही राहत नाही, तेव्हा बंदोबस्त बारमाही हवा. आणि अचानक समोर आलात तर ते पळण्याऐवजी अंगावर येण्याची शक्यता जास्त.

पहिला खर्च विहिरींवर करा. आब्रुझ्झोत डोंगरावरच्या एकाच हौदात 2010 मध्ये आणि पुन्हा 2018 मध्ये अस्वलं बुडून मेली. पहिल्या वेळेनंतरचा बंदोबस्त टिकला नव्हता. कुळागराच्या, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेच्या कडेची उघडी विहीर हाच सापळा आहे. चिऱ्यांचा निदान तीन फुटी कठडा बांधा आणि आत तळापर्यंत खाचा पाडलेला ओंडका कायमचा टेकवून ठेवा. अस्वल पडलंच तर वनखात्याला कळवा आणि गर्दी हटवा. माणसं काठावर असेपर्यंत ते वर चढत नाही.

दुसरं भाटीचं, म्हणजे काजूची दारू गाळतात त्या जागेचं. बोंडू मळून उरलेला चोथा उघड्यावर टाकला की आंबूस वास रानभर जातो. तो खड्ड्यात टाकून रोजच्या रोज मातीने झाका.

आता कुंपण. अख्ख्या बागायतीला घालू नका. उतार आणि झुडपांमुळे ते सांभाळणं होत नाही. फक्त मधाच्या पेट्या आणि भाटीचं अंगण घ्या. 10 बाय 10 मीटरला घेर 40 मीटर, पाच पदर धरले तर 200 मीटर जस्ताची तार, ताणासाठी थोडी जादा. खांब तीन-साडेतीन मीटरवर, म्हणजे बारा-तेरा, कोपऱ्यांना टेकू. खालची तार जमिनीपासून 20 सेंटीमीटर, वरची सुमारे 110. सौर पॅनल, बॅटरी आणि एनर्जायझर, म्हणजे तारेत थांबून थांबून विजेचे ठोके सोडणारं यंत्र. घरातली वीज थेट तारेत सोडणं गुन्हा आहे, आणि त्यात माणूसही मरतो.

कुंपण फसतं ते बहुधा अर्थिंगमुळे, म्हणजे वीज जमिनीतून एनर्जायझरकडे परतायच्या वाटेमुळे. एप्रिलात चिऱ्याची जमीन इतकी कोरडी होते की जनावर तारेला लागलं तरी झटका पूर्ण बसत नाही. म्हणून दीड-दोन मीटरच्या तीन सळ्या तीन-तीन मीटर अंतरावर ठोका, आणि पहिली, तिसरी, पाचवी तार जिवंत ठेवून दुसरी, चौथी अर्थिंगला जोडा. दोन तारांत थूथन घातलं की मातीवर अवलंबून राहावं लागत नाही. सर्वांत लांबच्या टोकाला मीटर लावून 5000 व्होल्ट दाखवतंय का ते आठवड्याला बघा. पावसात गवत तारेला टेकून विजेचा दाब खाली जातो. ढगांमुळे बॅटरीही अर्धी राहते. गडगडाट सुरू झाला की एनर्जायझर तारेपासून सोडवा.

मला विचाराल तर तारेपेक्षा जुलैत गवत कोण कापणार, हे आधी ठरवा. बचतगटाकडे काम द्या आणि मजुरीचे पैसे सामानाच्या खर्चातच धरा.

काजू वेचायला उजाडल्यावर, दोघातिघांनी बोलत जावं. कुत्रा नको, तो अस्वलाला डिवचतो आणि ते मागे लागलं की मालकाकडेच धावत येतो. रानाच्या कडेची वारुळं फोडू नका, तेच अस्वलाचं रोजचं जेवण. सातेरी देवी म्हणून वारूळ पुजणाऱ्या गावात हे पटवायला वेळ लागत नाही. डुकरांसाठी लावलेले तारेचे फास मात्र स्वतः फिरून काढावे लागतील.

नुकसान झालं तर त्याच दिवशी फोटो काढून वनखात्याकडून पंचनामा करून घ्या. भरपाई रखडली की गावाचा राग जनावरावर निघतो. 2020 च्या जानेवारीत म्हादई अभयारण्यात चार वाघ विषाने मेले, हे सत्तरीत कुणाला सांगावं लागत नाही. अर्ज भरून द्यायला गावातला एक माणूस नेमा आणि प्रत्येक अर्जाची पोच पंचायतीत ठेवा.