हरतालिका, जागरण आणि लिथियम

प्रश्न : डॉक्टर, मी भांडुपला राहते, वय ३४. बायपोलरचं (मन कधी फार वर, कधी फार खाली जाण्याच्या आजाराचं) निदान झालेलं आहे, त्यावर लिथियमच्या गोळ्या चालू आहेत आणि सध्या बरी आहे. गणपतीला आम्ही कणकवलीजवळ सासरी जातो. हरतालिकेचा निर्जळी उपास, रात्री जागरण, पहाटेपासून मोदकांचा घाट, मग वाडीतली भजनं. मागच्या वर्षी परत आले तेव्हा मला चार तास झोप पुरत होती, ऑफिसात सगळे म्हणाले सुट्टी मानवली हिला, आणि दिवाळीच्या सेलमध्ये क्रेडिट कार्ड संपवलं तेव्हा कुठे नवऱ्याच्या लक्षात आलं. यंदा जाऊ का? सासूबाईंना आजाराचं काहीच माहीत नाही.
— एक वाचक

उत्तर : जा की. सगळे गावी आणि तुम्ही इथे फ्लॅटमध्ये एकट्या, हे काही बरं नाही.

पण निर्जळी उपास नाही म्हणजे नाही, यात घासाघीस नको. लिथियम किडनीवाटे बाहेर पडतं, आणि पाणी-मीठ पोटात गेलं नाही की किडनी सोडियम धरून ठेवते आणि सोबत लिथियमपण, म्हणजे गोळी तेवढीच पण रक्तातली लेव्हल वर. रिपोर्टवर साधारण ०.६ ते १.० पर्यंत ठीक, १.५ च्या वर त्रास सुरू, आता बघा मध्ये जागा किती कमी आहे. हात नेहमीपेक्षा जास्त थरथरतायत, उलट्या-जुलाब, चालताना तोल जातोय, जीभ जड झाली, असं काही झालं तर पुढची गोळी न घेता सरळ हॉस्पिटल गाठा, लिंबूपाणी देऊन वाट बघत बसायचं नाही. आणि डोकं दुखतंय म्हणून जाऊबाईंनी पर्समधून कॉम्बिफ्लाम काढून दिली तरी घेऊ नका, त्यातल्या आयब्युप्रोफेननेही लेव्हल चढते. साधी पॅरासिटामॉल चालते.

दुसरी गोष्ट झोप. तुमचा मागच्या वर्षीचा सगळा प्रकार मला तरी जागरणातूनच सुरू झालेला दिसतो. बायपोलरमध्ये एकदोन रात्री झोप मोडली तरी मॅनिया, म्हणजे मन फार वर जाण्याची अवस्था, उसळू शकतो, आणि गंमत म्हणजे त्या वेळी थकवा जाणवतच नाही, उलट कधी नव्हे एवढं छान वाटतं, त्यामुळे पेशंट तक्रार करत नाही आणि घरचे खूश असतात की सून कशी झटझट कामं उरकतेय! जमलं तर दिवसाची मांडवी पकडा (तिकीट मिळणं हा वेगळा विषय). रात्रीचीच गाडी मिळाली तर गोळी वेळेवर घ्या आणि पोचल्यावर आधी झोप काढा, नारळ खवायला दुसरं कोणीतरी मिळेल. भजनाला जरूर बसा, पण रोजच्या वेळेला उठून आत जाऊन झोपायचं. पहाटे उठायचंच असेल तर आदल्या रात्री भजनाला सुट्टी.

सासूबाईंना बायपोलर हा शब्द सांगायलाच हवा असं काही नाही. 'किडनीच्या तपासण्या चालू आहेत, डॉक्टरांनी निर्जळी उपास आणि जागरण बंद केलंय' एवढं पुरे. लिथियमवर असताना किडनी आणि थायरॉईड वेळोवेळी तपासतातच, त्यामुळे हे खोटंही नाही. पूजा करा, पाणी प्या, नेहमीचं जेवा. हे नवऱ्याने बोललेलं बरं, आणि गावी पोचायच्या आधी फोनवर, हरतालिकेच्या सकाळी नको.

निघायच्या आधी लेव्हल करून घ्या (शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी रक्त द्यायचं असतं) आणि चार दिवसांच्या गोळ्या जास्तीच्या ठेवा, गावच्या मेडिकलवर लिथियम मिळेलच असं नाही. एखादी गोळी चुकली तर नंतर दोन एकदम घेऊ नका.

परत आल्यावर दिवाळीपर्यंत कार्ड नवऱ्याकडे, फोनमध्ये सेव्ह केलेलं पण काढून टाका. तुम्हाला राग येईल, म्हणून आत्ता बऱ्या आहात तेव्हाच दोघांनी ठरवा की सलग दोन रात्री झोप पाच तासांच्या खाली गेली तर तो तुमच्या डॉक्टरांना फोन करेल आणि तुम्ही वाद घालणार नाही. नवरात्रात गरब्याच्या रात्रींनाही हेच लागू. विसर्जनानंतर उलट मन फार खाली गेलं, जगायला नको असं वाटलं, तर डॉक्टरांच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका, १४४१६ ला टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनवर फोन लावा, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत, आणि रात्री दोनला लावलात तरी उचलतात.