पॉमेरियन म्हणून घेतलेलं पिल्लू सात किलोचं झालं, सोफ्यावरून उड्या मारतं. शेजारी म्हणतात स्पिट्झ आहे. बरोबर नाव कोणतं, आणि नावाने असा काय फरक पडतो?

सात किलो झालं असेल तर ते बहुधा स्पिट्झ आहे. इंडियन स्पिट्झ. विकणाऱ्याने काय सांगितलं, पावतीवर काय लिहून दिलं, ते बाजूला ठेवा. शेजाऱ्यांचं बरोबर दिसतंय.

पण "नावाने असा काय फरक पडतो" हे वाचून राहवलं नाही. आमच्या घरात हेच वाक्य एका पिल्लाच्या जिवावर उठलं होतं, म्हणून लांबलचक लिहिते आहे. घाई असेल तर शेवटचे काही परिच्छेद वाचा.

आम्ही नागपूरला, प्रतापनगरात राहतो. खाली आम्ही, वरच्या मजल्यावर धाकटे दीर. पुतणी दहावीला चांगल्या मार्कांनी पास झाली आणि तिने कुत्रा मागितला. भाऊजींनी कुणाच्या तरी ओळखीने पिल्लू आणलं. पांढरंशुभ्र, दीड महिन्याचं. "टॉय पॉमेरियन आहे, अडीच किलोच्या वर जाणार नाही," असं त्या माणसाने सांगितलेलं. जातीच्या नोंदणीचे पेपर मागाहून देतो म्हणाला, ते अजून यायचे आहेत. पैसे मात्र स्पिट्झच्या तिप्पट घेतले. दीड महिन्याचं पिल्लू विकणं मुळात नियमातच बसत नाही. केंद्राच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे आठ आठवडे पूर्ण झाल्याशिवाय पिल्लू विकता येत नाही, आणि पैदास करणाऱ्याची राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. मी हे बोलले, तर "वहिनी, तुम्ही प्रत्येक गोष्टीत खोट काढता" असं ऐकावं लागलं.

मला ते पिल्लू पहिल्या दिवसापासून पॉमेरियन वाटलं नव्हतं. पुढचे पंजे भरदार होते आणि नाक लांबट. माझं माहेर वर्ध्याचं, वडिलांनी आयुष्यभर कुत्री पाळली, त्यामुळे नजर तयार आहे. तरी इतक्या लहान पिल्लाकडे बघून छातीठोक कुणीच सांगू शकत नाही, म्हणून तेवढ्यापुरता विषय सोडला. पुतणीने नाव ठेवलं स्नोई.

मग एका रविवारी पुतणी क्लासला गेली आणि स्नोईला अंघोळ घालायचं काम माझ्याकडे आलं. मागच्या अंगणात टब ठेवला, कोमट पाणी घेतलं. कोरडं असताना गुबगुबीत दिसणारं पिल्लू पाणी पडताच निम्मं झालं. बरगड्या नुसत्या डोळ्यांनी मोजता येत होत्या. पाठीच्या कण्याचे मणके हाताला टोचत होते, कमरेची हाडं वर आलेली, आणि पोट तेवढं टम्म फुगलेलं. टॉवेलमध्ये गुंडाळून मांडीवर घेतलं तरी थरथर थांबेना. बोटाला साबण लागलेला होता, तोच चाटायला लागलं. मी तशीच ओल्या साडीने वर गेले.

"भाऊजी, काय खायला देऊन राहिले तुम्ही याला?"

"सकाळी दोन चमचे सेरेलॅक, संध्याकाळी दोन. त्या माणसानं सांगितलं तसंच."

"बस? एवढंच?"

"वहिनी, तो पॉमेरियन आहे. त्याले तेवढंच लागते. जास्त दिलं तर साइज बिघडते."

साइज बिघडते! वाढत्या पिल्लाची. त्या माणसाने अडीच किलो सांगितलं होतं, म्हणून अडीच किलोच्या आत ठेवायला त्याला मोजून उपाशी मारणं चाललं होतं, आणि तेही प्रेमाने. भाऊजी दुष्ट नाहीत. पुतणी तर रात्री त्याला उशाशी घेऊन झोपायची. घरात कुणालाच ते उपाशी आहे असं वाटत नव्हतं, कारण डोक्यात 'पॉमेरियन' बसला होता आणि पॉमेरियन म्हणजे एवढासाच. दुकानात शब्द कुणी कोणताही वापरो, त्या शब्दावरून घरात वाटी भरली जाते. तुम्हाला फरक हवा होता ना, हा आहे तो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि पुतणी त्याला डॉक्टरांकडे घेऊन गेलो, मागोमाग भाऊजीही आले. डॉक्टरांनी दात बघितले, पोट दाबून बघितलं, काट्यावर ठेवलं. तीन महिन्यांचं, उपाशी, आणि तरी सव्वादोन किलो. ब्रिटनचा केनेल क्लब म्हणजे कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणारी संस्था, तिच्या मानकात पूर्ण वाढलेला पॉमेरियन नर १.८ ते २ किलो आणि मादी २ ते २.५ किलो धरतात. अमेरिकेचं मानक जरा सैल आहे, ३ ते ७ पाउंड, म्हणजे साधारण १.४ ते ३.२ किलो. म्हणजे आमचं हाडांचं पिल्लू तीन महिन्यांतच मोठ्या पॉमेरियनएवढं भरलं होतं. डॉक्टरांनी जंताचं औषध दिलं, दिवसातून चार वेळा पोटभर खायला सांगितलं आणि लसीच्या कार्डावर जातीच्या रकान्यात लिहिलं, स्पिट्झ.

भाऊजी म्हणाले, "डॉक्टर, तिथं पॉमेरियन लिहा ना. आम्ही पॉमेरियन म्हणून घेतलाय."

डॉक्टर म्हणाले, "घरी तुम्ही काही म्हणा जी. कार्डावर मला दिसते तेच मी लिहीन."

त्या डॉक्टरांबद्दल माझ्या मनात कायमचा आदर आहे.

स्नोई महिन्याभरात उभारी धरून पळायला लागला. पण आमचा वाद तिथे मिटला नाही, तिथून सुरू झाला. भाऊजींनी मोबाईलवर शोधाशोध केली आणि प्रत्येक सणावाराला, प्रत्येक पाहुण्यासमोर नवीन मुद्दा काढायला लागले. ते मुद्दे मी इथे मुद्दाम देते, कारण तुम्हालाही कुणीतरी हेच ऐकवणार आहे.

पहिला मुद्दा, जर्मनीत पॉमेरियनलाच स्पिट्झ म्हणतात, मग दोन्ही एकच. अर्धं खरं आहे. एफसीआय ही जी आंतरराष्ट्रीय संघटना आहे, ती पॉमेरियनला जर्मन स्पिट्झचाच सगळ्यात लहान प्रकार मानते. स्पिट्झ हे घराणं आहे आणि पॉमेरियन त्या घराण्यातला एक. प्रत्येक पॉमेरियन स्पिट्झ असतो, पण प्रत्येक स्पिट्झ काही पॉमेरियन होत नाही. इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकात जे जर्मन स्पिट्झ इथे आणले, त्यांच्यापासून आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वाढला तो इंडियन स्पिट्झ. केनेल क्लब ऑफ इंडिया त्याची वेगळी जात म्हणून नोंद करतो, त्यातही लहान आणि मोठा असे दोन प्रकार धरतो. लहान साधारण ५ ते ७ किलोचा, मोठा १२ ते २० किलोपर्यंत जातो. तुमचं सात किलोचं पिल्लू यात कुठे बसतं ते तुम्हीच बघा.

दुसरा मुद्दा, राणी व्हिक्टोरियाचा पॉमेरियन मोठा होता. होता. १८८८ मध्ये तिने इटलीत फ्लॉरेन्सला मार्को नावाचा पॉमेरियन घेतला, तो १२ पाउंडांचा, म्हणजे साडेपाच किलोच्या आसपास होता. त्या काळचे पॉमेरियन मोठेच असत. राणीच्या हौसेनंतर लहान कुत्र्यांना मागणी आली आणि निवडून निवडून जात लहान केली गेली. आज बाजारात जे नाव घेऊन तिप्पट पैसे मागतात, ते या आजच्या लहान कुत्र्याचे मागतात. पैसे आजच्या भावाने आणि वजन राणीच्या काळातलं, हा हिशेब मला मान्य नाही.

तिसरा मुद्दा मात्र मला लागला, कारण तो माझ्या वडिलांवर होता. "तुमचे बाबा सारं आयुष्य अल्सेशियन म्हणत होते. जर्मन शेफर्डच होता ना तो? मग त्यांचं चाललं आणि आमचं काहून नाही?"

हे दिवाळीच्या फराळाला, सगळ्यांसमोर. उत्तर मी तेव्हाही दिलं होतं, आज लिहून ठेवते. अल्सेशियन आणि जर्मन शेफर्ड हा एकच कुत्रा. पहिल्या महायुद्धानंतर इंग्लंडात जर्मन म्हटलं की लोकांचं डोकं फिरायचं, म्हणून १९१९ मध्ये तिथल्या केनेल क्लबने त्याची नोंद 'अल्सेशियन वुल्फ डॉग' या नावाने केली. जर्मन शेफर्ड हे नाव तिथे परत आलं ते १९७७ मध्ये. आपल्याकडे इंग्रजांचं नाव रुळलं आणि माझ्या वडिलांच्या पिढीला तेच माहीत होतं. वडील अल्सेशियन म्हणाले म्हणून त्यांच्या कुत्र्याच्या ताटात एक घास कमी पडला नाही, कुणी फसलं नाही. एका कुत्र्याची दोन नावं असली तर काही बिघडत नाही. दोन वेगळ्या कुत्र्यांना एकच नाव लावलं की एक लुबाडला जातो आणि एक उपाशी मरतो. माझ्या वडिलांना या भांडणात ओढायचं काही कारण नव्हतं.

एका कुत्र्याला दोन नावं तर आपल्याच मातीतली आहेत. ज्याला एक क्लब कारवान हाउंड म्हणतो त्यालाच दुसरा मुधोळ हाउंड म्हणतो. कर्नाटकातल्या मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी इंग्लंडचा राजा पंचम जॉर्ज याला त्याची जोडी भेट दिली, २००५ मध्ये टपाल खात्याने तिकीट काढलं ते मुधोळ नावाने. मराठवाड्यात लातूरकडच्या माणसाला कारवानच विचारा, तो तुम्हाला अंगावर केस असलेला पश्मी वेगळा काढून दाखवेल. या नावांवरून तिकडे भांडणं होतात आणि ती मानाची भांडणं आहेत, मला त्यांचा आदरच वाटतो. पण दोन्ही बाजूंना कुत्रा कोणता हे नीट माहीत असतं. पामोलियन म्हणा, पामेरियन म्हणा, उच्चारावरून मी कुणाला अडवत नाही.

आता तुमच्या पिल्लाचं. नाक आणि कपाळ बाजूने बघा. पॉमेरियनचं तोंड आखूड, कान बारीक आणि केसांत जवळजवळ दडलेले, केस अंगापासून उभे. स्पिट्झचं तोंड लांब आणि टोकदार, कान मोठे, पाय उंच, केस जरा अंगाला धरून बसलेले. पांढऱ्या रंगावरून काही ठरवू नका. आपल्याकडे पांढरं केसाळ दिसलं की पॉमेरियन म्हणायची सवयच लागली आहे.

खायला वयाप्रमाणे आणि वाढीप्रमाणे द्या. सहा महिन्यांपर्यंत तीन-चार वेळा, नंतर दोन वेळा. पोळी-दूध हे पूर्ण जेवण नाही, अंडं, चिकन, भात काहीतरी हवं. आठवड्यातून एकदा केसांच्या आत बोटं घालून बरगड्यांवरून हात फिरवा. हलकं दाबल्यावर बरगडी लागली पाहिजे, पण ती वर आलेली नको. केसाळ कुत्र्याचं डोळ्यांना काहीच कळत नाही, हातालाच कळतं. उन्हाळ्यात कुणी मशीन फिरवून टक्कल करा सांगेल, करू नका, दुहेरी केस उन्हापासूनही राखतात. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, आम्ही स्नोईला पहाटेच फुटाळा तलावाकडे नेतो आणि दिवसभर तो कूलरसमोर फरशीवर पसरलेला असतो.

पैसे परत मिळतील का, हे तुम्ही विचारलं नाही, पण मनात असेलच. केनेल क्लबचा नोंदणीचा कागद पॉमेरियनच्या नावाने लेखी दिलेला असेल तर भांडायला जागा आहे. तोंडी असेल तर त्या माणसाकडे आणखी कुणाला जाऊ देऊ नका, एवढं तुमच्या हातात आहे. पुढच्या वेळी पिल्लाची आई बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. आई दाखवायला जो टाळतो त्याच्या दारात थांबू नये.

एक सांगायचं राहिलं. मी डॉक्टर नाही, आणि तुमचं पिल्लू दोन्हींचं मिश्रणही असू शकतं. नुसतं जास्त वजन म्हणजे स्पिट्झ असंही नाही, अती खाऊन सुटलेला पॉमेरियनही मी इथेच नागपुरात सदरला एका ओळखीच्या घरी बघितला आहे. पण तो लोळत होता, आणि तुमचं पिल्लू सोफ्यावरून उड्या मारतं असं तुम्हीच लिहिलंय. शिवाय स्पिट्झ निघाला म्हणून हलका निघाला असं समजू नका. आपल्या हवेत रुळलेला, हुशार कुत्रा आहे. स्नोई आज आठ किलोचा आहे, गेटवर पोस्टमन आला की सगळ्यात आधी त्याला कळतं. भाऊजी अजूनही पाहुण्यांना "आमचा पॉम" म्हणून ओळख करून देतात, आणि मी दरवेळी, पाहुणा कुणीही असो, "स्पिट्झ" म्हणते.

फोटो टाकणार असाल तर समोरून नको. अंघोळीनंतर केस ओले असताना, बाजूने उभा असलेला टाका.