ईसीजी नॉर्मल, मग धडधड कसली?

“ताई, हे इमिग्रेशनला कळतं का?” खुर्चीत टेकायच्या आधीच त्याने विचारलं. कॅनडात ब्रॅम्प्टनला माझ्याकडे समुपदेशनाला येणारी बहुतेक मराठी मुलं हा प्रश्न तिसऱ्या भेटीत काढतात, याने दारातच काढला.

नाही कळत. कॉलेजलाही नाही आणि घरीही नाही. जिवाला धोका, लहान मुलावर अत्याचार किंवा कोर्टाचा आदेश अशा मोजक्या बाबतीतच मला तोंड उघडावं लागतं. हे ऐकल्यावर त्याने जॅकेट काढलं.

त्याला निखिल म्हणू. सांगलीकडचा, चार महिन्यांपूर्वी आलेला. रात्री छातीत धडधडतं, झोप नाही, पोट बिघडलेलं. एकदा पहाटे इमर्जन्सीला जाऊन सहा तास बसला, ईसीजी नॉर्मल निघाला. “मग मी नाटक करतोय का?”

नाटक नव्हतं. मी त्याला ‘काय वाटतं’ ते लिहायला सांगितलं नाही. आपल्या मुलांना ते परीक्षेसारखं वाटतं. फक्त तास लिही म्हटलं, झोप, जेवण, ऊन. आठवड्याने वही आणली. ऊन या रकान्यात पाच दिवस शून्य. राहायला बेसमेंट, मग वर्ग, मग बस, मग वेअरहाऊस, आणि डिसेंबरात इथे पावणेपाचलाच सूर्य मावळतो. समासात बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, ‘एनर्जी ड्रिंक ३’. मोठ्या डब्यात साधारण १६० मिलिग्रॅम कॅफीन असतं. तीन डबे म्हणजे ४८०, आणि मोठ्या माणसासाठी इथली शिफारस दिवसाला ४०० पर्यंतची. त्यात शेवटचा डबा रात्री अकराला. धडधडणार नाही तर काय होईल?

कॉलेजच्या डॉक्टरांकडे पाठवलं. व्हिटॅमिन बी-१२ चांगलंच कमी निघालं, शाकाहारी मुलांत मला हे नवीन नाही. आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांना इथल्या ओंटारिओ प्रांताचा सरकारी आरोग्य विमा सहसा लागू नसतो, फीमध्ये वेगळा विमा धरलेला असतो. बऱ्याच विम्यांत समुपदेशनाच्या काही भेटीही बसतात, पण ती पुस्तिका उघडतो कोण!

जीव नकोसा वाटतो का, हेही मी सरळ विचारलं. नाही म्हणाला. तरी ९८८ हा आत्महत्येचे विचार आले तर मदत करणारा नंबर त्याच्या फोनमध्ये टाकायला लावला, तिथे रात्री-अपरात्री फोन किंवा मेसेज करता येतो.

डबे एकावर आले, दुपारी अर्धा तास बाहेर चालणं सुरू झालं, धडधड कमी झाली. झोप मात्र येईना. वहीत रोज रात्री दोन वाजता एकच नोंद, ‘आई’. इथले दोन म्हणजे तिकडे साडेबारा, आई जेवायला बसायची वेळ. शिफ्ट नसली तरी हा दोनपर्यंत जागा. व्हिडिओ कॉलला खोलीतल्या एकुलत्या पांढऱ्या भिंतीला पाठ लावून बसायचा, गादी जमिनीवर आहे हे दिसू नये म्हणून. “जेवलास का?” “हो, भात केला होता.” भात नसायचाच. कर्ज काढायला बाबांनी घर गहाण ठेवलेलं, मग रडगाणं कुठल्या तोंडाने गायचं?

मी म्हटलं, सगळं नको सांगू, एकच गोष्ट खरी सांग.

दोन आठवडे टाळलं. मग एका रात्री त्याने कॅमेरा गादीकडे वळवला. आई जेवता जेवता थांबली. तो म्हणाला, मला वाटलं आता रडणार. ती म्हणाली, “अरे, फरशीवर थेट टाकलीस होय? ओल धरेल. खाली पुठ्ठा घाल आधी.”

वेअरहाऊसमध्ये पुठ्ठ्याला काय तोटा!