वाड्याच्या जिन्याचा कठडा निखळला, आईचा खुबा मोडला; ‘मालक जबाबदार नाही’ या सहीचं काय करायचं?

प्रश्न : वकीलसाहेब, मी अमरावतीचा. जानेवारीत आईबाबा, बायको आणि मुलांना घेऊन नागझिऱ्याला गेलो होतो. साकोली तालुक्यातल्या एका खेड्यात जुना मालगुजारी (इकडच्या जमीनदारीच्या काळातला) वाडा आहे, तिथे अ‍ॅपवरून दोन खोल्या घेतल्या. दोन रात्री, सकाळच्या न्याहारीसकट १४,००० रुपये. खोल्या माडीवर, संडास-न्हाणी खाली मागच्या सांदवाडीत. दुसऱ्या रात्री दहाच्या सुमारास लाईन गेली. आई (वय ६७) खाली जायला निघाली, तर लाकडी जिन्याचा कठडाच तिच्या हातात आला आणि ती कोसळली. साकोली, मग भंडारा, शेवटी नागपूर. खुब्याचं ऑपरेशन झालं. खर्च २,४०,००० रुपये, त्यातले दीड लाख मेडिक्लेमने दिले. वाडामालक म्हणतात, ‘हे हॉटेल नाही, आमचं राहतं घर आहे. शिवाय तुम्ही रजिस्टरवर सही केली आहे की मुक्कामात काही झाल्यास मालक जबाबदार नाही.’ अ‍ॅपवाले म्हणतात, आम्ही फक्त मध्यस्थ. भंडाऱ्याच्या दवाखान्यात मालकांनी माझ्या हातात १०,००० रुपये दिले आणि मी त्यांना ‘पैसे मिळाले, आमची तक्रार नाही’ असा मेसेज टाकून बसलो. मेहुणे म्हणतात, आधी पोलीस केस ठोका. दुसऱ्या रात्रीचं भाडं तरी परत मिळेल का?

उत्तर : भाऊ, रजिस्टरवरच्या सहीची धास्ती जरा बाजूला ठेवा आणि नागपूरच्या दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड पुन्हा वाचा. तुम्ही पाठवलेल्या फोटोत वरच्याच रकान्यात इंग्रजीत लिहिलंय की पेशंट राहत्या घरी पाय घसरून पडल्या. अपरात्री भरतीच्या खिडकीवर कोण काय विचारतं, घाबरलेला माणूस काय सांगतो आणि फॉर्म भरणारा पोरगा काय खरडून मोकळा होतो, हे कोर्टात रोज बघायला मिळतं. पण समोरचा वकील पहिलं बोट इथेच ठेवणार. म्हणेल, बाई पडल्या आपल्या घरी आणि बिल फाडताहेत आमच्या वाड्याच्या नावावर.

म्हणून आधी साकोलीला जा. तिथल्या सरकारी दवाखान्यात त्या रात्रीचा पहिला केसपेपर निघाला असेल, त्याची प्रमाणित नक्कल घ्या. रात्री साकोलीत नोंद झालेली बाई अमरावतीच्या घरात पडली असं म्हणायला कोणाची जीभ रेटणार नाही. १०८ च्या गाडीने नेलं असेल तर तिच्या फेरीचीही नोंद असते, ती मागा. मग नागपूरच्या दवाखान्याला लेखी अर्ज द्या की पडण्याची जागा चुकीची लिहिली गेली आहे, आणि अर्जाच्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. ते मूळ कागद बदलोत न बदलोत, तुमचा अर्ज फाईलला लागला पाहिजे. मेडिक्लेम कंपनीलाही तेच कळवा. तक्रार जिथे करायची त्या ग्राहक आयोगापुढे एक आणि विमा कंपनीपुढे दुसरी अशा दोन कहाण्या उभ्या राहू देऊ नका. आणि कार्डावर स्वतःच्या पेनाने काही दुरुस्त करायच्या भानगडीत तर चुकूनही पडू नका.

‘हे हॉटेल नाही, घर आहे’ हे म्हणणं फार टिकणारं नाही. मालगुजारी १९५१ मध्ये गेली. वाडे राहिले, आणि त्यांच्या छपराची कवेलू चाळायची तर आज पाहुण्यांच्या भाड्याचाच आधार आहे. त्यात वाईट काही नाही. पण भाडं घेतलं की तुम्ही पाहुणे उरत नाही, ग्राहक होता. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(४२) मध्ये ‘सेवा’ या शब्दात राहण्याची आणि जेवणाची सोय नाव घेऊन धरली आहे; सुटते ती फुकट दिलेली किंवा खासगी नोकरीच्या करारातली सेवा. खोल्या दोन असोत की दोनशे, कायद्याला फरक पडत नाही. पैसे तुम्ही भरले असले तरी तुमच्या संमतीने ती सेवा घेणाऱ्या आईसुद्धा कलम २(७) प्रमाणे ग्राहकच. तेव्हा तक्रार आईंच्या नावाने करा, सोबत तुमचं नाव लावा.

वाडा पर्यटन संचालनालयाच्या निवास-न्याहारी योजनेत नोंदलेला आहे का, असं तुम्ही विचारलंय. माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज टाकून विचारून घ्या. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये (घरपट्टीच्या नोंदवहीत) घराची आकारणी कशी झाली आहे तेही बघा. मात्र यावर फार भिस्त ठेवू नका. नोंदणी नसेल तर मालकाची बाजू पडते, पण नोंदणी असली म्हणून सैल कठडा घट्ट होत नाही.

आता ती सही. दिल्लीच्या ताजमहाल हॉटेलातून १९९८ मध्ये एका पाहुण्याची गाडी चोरीला गेली. पार्किंगच्या पावतीवर छापलेलं होतं की गाडी मालकाच्या जोखमीवर आहे. नोव्हेंबर २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की अशी ओळ छापून हॉटेलला आपल्या किंवा आपल्या नोकरांच्या निष्काळजीपणातून सुटता येणार नाही. तो निकाल ताब्यात दिलेल्या गाडीचा होता, हे समोरचा वकील सांगेल आणि ते खरंही आहे. पण गाडीच्या बाबतीत जे चालत नाही ते माणसाच्या हाडांच्या बाबतीत कसं चालेल, हा युक्तिवाद मला भक्कम वाटतो. शिवाय सही तुमची आहे, आईंची नाही. एक बारकावा लक्षात ठेवा. ही अट ‘अनुचित करार’ आहे, ती रद्द करा, अशी स्वतंत्र मागणी करू नका; तसं केलंत तर प्रकरण राज्य आयोगाकडे जातं. निष्काळजीपणाला ही अट लागूच होत नाही, एवढंच म्हणा आणि जिल्हा आयोगातच राहा.

खरी झुंज पुढे आहे, ती निष्काळजीपणा सिद्ध करण्याची. नुसती ‘आई पडली’ म्हणून भरपाई मिळत नाही. माणूस कुठेही पडू शकतो. लाईन गेली यात मालकाचा दोष नाही, तो महावितरणचा विषय. पण ज्या घरात झोपायची खोली वर आणि संडास खाली, तिथे रात्री म्हाताऱ्या माणसाला जिना उतरावाच लागणार हे मालकाला आधीच ठाऊक होतं. जिन्यावर बॅटरीचा एक दिवा नाही, खोलीत टॉर्च नाही आणि कठडा खिळ्यांवर हलतोय, या तिन्ही गोष्टी जोडून मांडा. कलम २(११) मधल्या ‘सेवेतील त्रुटी’च्या व्याख्येत निष्काळजीपणा आहेच, शिवाय महत्त्वाची माहिती जाणूनबुजून दडवणंही आहे. कठडा हलतो हे माहीत असून सांगितलं नाही असं दाखवता आलं, तर तुमची बाजू निम्मी जिंकलीच.

तुम्ही लिहिता की स्वयंपाक करणाऱ्या बाई बोलून गेल्या, ‘कठडा दिवाळीपासनंच हालते जी.’ हे ऐकून कोणालाही वाटेल की साक्षीदार मिळाला. त्या बाईंच्या मागे लागू नका. त्यांना त्याच गावात राहायचंय, त्याच वाड्यात भाकऱ्या थापायच्या आहेत. प्रतिज्ञापत्रावर अंगठा द्यायची वेळ आली की त्या ‘मी असं काही बोललीच नाही’ म्हणतील, आणि तुमचंच म्हणणं पातळ होईल. त्यापेक्षा अ‍ॅपवरचे जुने अभिप्राय बघा. तुम्ही पाठवलेल्या स्क्रीनशॉटमध्ये नोव्हेंबरमधल्या एका पाहुण्याने लिहिलंय, ‘तर्री-पोहे झकास, पण जिना जपून, कठड्यावर भार देऊ नका.’ त्याखाली मालकाचं उत्तर आहे, ‘धन्यवाद, लवकरच दुरुस्त करू.’ भाऊ, हा तुमच्या फाईलमधला सगळ्यात मोलाचा कागद आहे! तारीख आणि पानाचा पत्ता दिसेल असा पुन्हा स्क्रीनशॉट घ्या, आजच घ्या, कारण अभिप्राय गायब व्हायला वेळ लागत नाही. ‘आजी-आजोबांसह कुटुंबासाठी उत्तम’ ही जाहिरातीतली ओळही टिपून ठेवा.

तुटलेल्या कठड्याचे फोटो तुमच्या मुलाने त्याच रात्री मोबाईलच्या उजेडात काढलेत. ते व्हॉट्सअ‍ॅपने मला पाठवलेत ते ठीक, पण मूळ फोटो ज्या फोनमध्ये आहेत तो फोन विकू नका, रीसेट करू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो बारीक होतो आणि कधी काढला ही त्यातली नोंदही पुसली जाते. ग्राहक आयोगात पुराव्याचे नियम कोर्टाइतके काटेकोर पाळत नाहीत, तरी भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालचं, मोबाईल-संगणकातल्या पुराव्यासाठीचं प्रमाणपत्र जोडलेलं बरं. मालकाने आता तिथे लोखंडी पाईप बसवलाय म्हणता, म्हणजे जुन्या कठड्याचा पुरावा तुमच्याच हातात उरलाय.

मालक म्हणतील, बाईंनी अंधारात एकटं उतरायला नको होतं, कोणाला हाक मारायची होती. या म्हणण्यात थोडं वजन आहे, आणि त्यापोटी आयोग रक्कम थोडी कापूही शकतो. तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगून ठेवतो, म्हणजे निकालाच्या दिवशी वाईट वाटणार नाही.

दहा हजार आणि तो मेसेज. करार कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे माणूस आपला हक्क सोडू शकतो, मालकाचा वकील तेच वाचून दाखवेल. पण हक्क होता आईंचा, आणि त्या तेव्हा स्ट्रेचरवर होत्या. तुम्हाला तो सोडायचा अधिकार कोणी दिला होता? शिवाय तेव्हा ऑपरेशन लागेल की प्लास्टरवर भागेल हेही डॉक्टरांनी सांगितलेलं नव्हतं. तक्रारीत हे दहा हजार आणि मेसेज तुम्हीच पहिल्या पानावर लिहा आणि मागणीतून ती रक्कम वजा करा. लपवलेली गोष्ट समोरच्याने काढली की आयोग तुमच्या बाकीच्या म्हणण्याकडेही संशयाने बघायला लागतो.

अ‍ॅपवाल्यांना पक्षकार करा, पण मोठी रक्कम त्यांच्याकडून निघेल अशी आशा धरू नका. ई-कॉमर्स नियम, २०२० प्रमाणे त्यांच्या तक्रार अधिकाऱ्याला ४८ तासांत पोच आणि महिनाभरात निवारण करावं लागतं, आणि तुम्ही लेखी मागितलं की सेवा देणाऱ्याचं नाव-पत्ताही द्यावा लागतो. तेवढं काम त्यांच्याकडून करून घ्या.

नोटीस स्पीड पोस्टने पाठवा, पंधरा दिवसांची मुदत द्या. मालकाने पाहुण्यांच्या अपघातासाठी काही विमा घेतलाय का, हेही नोटिशीतच विचारा. असेल तर त्याच्याही खिशाला चाट नाही आणि तडजोड लवकर होते. उत्तर आलं नाही तर अमरावतीच्याच जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करा. २०१९ च्या कायद्याने तक्रारदार राहतो तिथे दाद मागता येते, भंडाऱ्याच्या खेपा घालायची गरज नाही. आयोगाची हद्द तुम्ही किती भरपाई मागता यावर नाही, किती मोबदला दिला यावर ठरते. तुमचा मोबदला १४,००० आणि जिल्हा आयोगाची मर्यादा ५० लाख. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. तक्रार ई-जागृती पोर्टलवरून भरता येते, वकील लावायची सक्ती नाही. मालकाला लेखी म्हणणं द्यायला ३० दिवस आणि फार तर १५ वाढीव. सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने २०२० मध्येच सांगितलंय की त्यापुढे एक दिवसही नाही. कायद्यात निकाल तीन महिन्यांचा लिहिलाय, प्रत्यक्षात वर्ष धरून चला. तक्रारीची मुदत पडल्याच्या रात्रीपासून दोन वर्षं. आयोगाने मध्यस्थीला पाठवलं तर नाक मुरडू नका.

मेहुण्यांचा पोलीस केसचा सल्ला मला पटत नाही. गुन्हा बसू शकतो; हाड मोडणं ही कायद्यात गंभीर दुखापत आहे आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम १२५ मध्ये त्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड आहे. पण फौजदारीत निष्काळजीपणाचा पुरावा फार वरच्या दर्जाचा लागतो आणि आईंच्या हातात त्यातून छदाम येत नाही. आणि ‘पैसे द्या, नाहीतर गुन्हा नोंदवतो’ असा मेसेज तर मुळीच टाकू नका. तो उद्या तुमच्याच विरुद्ध खंडणीच्या तक्रारीत जोडला जाईल.

किती मागायचं? मेडिक्लेमचे दीड लाख उघडपणे सांगून पूर्ण बिल जोडा. २०२५ मध्ये मुंबई हायकोर्टाच्या पूर्णपीठाने मोटार अपघाताच्या भरपाईतून मेडिक्लेमची रक्कम वजा करायची नाही असं ठरवलंय. आपलं प्रकरण मोटारीचं नाही, तरी तो आधार म्हणून द्या आणि निदान वरचे ९०,००० तरी द्यावेत अशी पर्यायी मागणी ठेवा. फिजिओथेरपी, घरी ठेवलेली बाई, वॉकर, नागपूरच्या खेपा, सगळ्याच्या पावत्या लावा. वेदनेपोटी लाख-दीड लाख मागा. मेहुणे पंचवीस लाख लिहा म्हणतील. तसा आकडा बघून आयोगाला तक्रारीपेक्षा लोभ जास्त दिसतो, आणि समोर चार खोल्यांचा वाडा आणि थोडं धान पिकवणारा माणूस आहे.

दुसऱ्या रात्रीचं भाडं याच तक्रारीत मागा, वेगळा अर्ज नको. पहिल्या रात्रीचं मागू नका, ती रात्र तुम्ही झोपलात आणि न्याहारीही केलीत.