जर्मन ग्राहक युरोपीय संघाच्या डेटा ॲक्टवर (क्लाउड सेवा बदलण्याचा हक्क देणाऱ्या कायद्यावर) बोट ठेवून तीन वर्षांचा करार मध्येच सोडतोय. आमची पुण्यातली छोटी सास (इंटरनेटवरून सॉफ्टवेअर भाड्याने देणारी) कंपनी आहे. उरलेले पैसे मागता येतील का?

मागता येतील, पण मुदतीआधी सोडल्याचा दंड करारात लिहिलेला असेल तरच. कायद्याने तो बंद केलेला नाही. त्याच कायद्याच्या प्रस्तावनेतल्या ८९व्या परिच्छेदात प्रमाणात असलेला दंड चालतो असं म्हटलंय. उरलेल्या महिन्यांचं अख्खं बिल प्रमाणात कसं, हे तुमच्या वकिलालाच पटवून पाहा. कंपनी पुण्यात असल्याने सुटका होत नाही. ग्राहक युरोपीय संघातला असला की १२ सप्टेंबर २०२५ पासून हा कायदा लागू, आणि जास्तीत जास्त दोन महिन्यांच्या नोटिशीवर ग्राहक निघू शकतो.

पैशाचं राहू द्या. खरा घोळ पुढे आहे. नोटीस संपली की स्थलांतराला, म्हणजे ग्राहकाचा डेटा दुसरीकडे हलवायला, कमाल ३० दिवस मिळतात, आणि त्या काळात सेवा चालू ठेवून मदत करणं तुमच्यावर बंधनकारक आहे. इथे प्रत्येक प्रॉडक्ट मॅनेजर म्हणतो, 'आपल्याकडे एक्स्पोर्टचं बटण आहे की!' या वाक्याशी माझं जुनं भांडण आहे. त्या बटणातून सीएसव्ही, म्हणजे साध्या तक्त्याची फाइल, निघते. तिच्यात कुठली नोंद कुठल्या नोंदीला जोडलेली होती ते नसतं, वेळेसोबत टाइमझोन नसतो, आणि जोडपत्रांच्या जागी तासाभरात मरणाऱ्या लिंका असतात. कायदा मात्र ग्राहकाच्या वापरातून तयार झालेला मेटाडेटाही (डेटाबद्दलची माहिती) मागतो.

मग कोणीतरी म्हणतं, एपीआय देऊ, म्हणजे ग्राहकाचा प्रोग्रॅम आपल्याकडून थेट डेटा मागून घेईल. हिशेब करा. २० लाख नोंदी, एका पानावर १००, म्हणजे २०,००० विनंत्या. मिनिटाला ६० ची मर्यादा असेल तर साडेपाच तास, ठीक आहे. पण प्रत्येक नोंदीला एक पीडीएफ असेल आणि ती एकेक करून ओढायची असेल, तर त्याच मर्यादेने २३ दिवस लागतात. एकदा टोकन (प्रवेशाची तात्पुरती किल्ली) संपलं, मधल्या पाचशे फायली राहिल्या, की ३० दिवस गेलेच. त्यामुळे निघणाऱ्या ग्राहकासाठी मर्यादा वाढवा, नाहीतर फायली थेट स्टोरेजमधून एकगठ्ठा द्या, सोबत प्रत्येक फाइलचा नोंद-क्रमांक आणि चेकसम (फाइल जशीच्या तशी पोचली का ते तपासायचा आकडा) असलेली यादी. दोन्हीकडची मोजणी जुळल्याशिवाय काम झालं म्हणू नका.

३० दिवसांत तांत्रिकदृष्ट्या शक्यच नसेल तर ग्राहकाची मागणी आल्यापासून १४ कामकाजाच्या दिवसांत कारणासह कळवा, म्हणजे सात महिन्यांपर्यंत मुदत मिळते. हे पत्र उशिरा जातं, कारण इंजिनिअरांना नोटीस आल्याचं विक्रीवाले सांगतच नाहीत. स्थलांतरानंतरही किमान ३० दिवस डेटा परत घेता आला पाहिजे. तेव्हा खातं बंद करणारी स्क्रिप्ट आधी थांबवा.

स्थलांतराचं शुल्क आत्ता फक्त प्रत्यक्ष खर्चाइतकं लावता येतं, १२ जानेवारी २०२७ पासून तेही नाही. ते आणि मुदतपूर्व दंड एकाच बिलात मिसळू नका, ग्राहकाचा वकील त्यावरच बोट ठेवेल.

एक राहिलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये युरोपीय आयोगाने मांडलेल्या डिजिटल ओम्निबस (अनेक डिजिटल कायदे एकत्र बदलण्याच्या) प्रस्तावात १२ सप्टेंबर २०२५ आधीच्या करारांबाबत छोट्या कंपन्यांना सवलत सुचवली आहे. तो निव्वळ प्रस्ताव होता, त्याच्या भरवशावर नोटीस नाकारण्याआधी आजची स्थिती तपासा. आणि प्रॉडक्टचा बहुतांश भाग याच एका ग्राहकासाठी बनवला असेल तर काही कलमं लागू होत नाहीत. अर्थात, अशा सेवेला कुठली कलमं लागू नाहीत हे सहीआधीच सांगणं ही तुमची जबाबदारी आहे.