टाचेची शीर, घरातलं म्हातारपण आणि दीड किलोमीटरचा परीघ

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. वय ४६, घर नागपुरात मानेवाड्याला, धावायची सवय आणि नऊ महिन्यांपासून उजव्या टाचेमागची शीर दुखते. जानेवारीत वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला, आईचे गुडघे आधीच गेलेले. मित्र सांगतो, धावण्याऐवजी ओरिएंटिअरिंग (हातात नकाशा घेऊन ठरलेल्या खुणा शोधत जायचा खेळ) कर, त्यात वेग लागत नाही. आणि शेवटी तुम्ही विचारलंय, “की आता हे सगळं बंदच करून टाकू?”

बंद करू नका. मी ५८ वर्षांचा आहे, प्रतापनगरला राहतो. सहा वर्षांपूर्वी टाचेचं दुखणं आणि बाबांचं आजारपण एकाच हिवाळ्यात माझ्या वाट्याला आलं. जे समजायला मला दीड वर्ष लागलं ते सगळं इथे लिहितो, म्हणून उत्तर लांबलंय.

आधी टाच. शीर म्हणजे इथे रक्तवाहिनी नव्हे, पोटरीचे स्नायू टाचेच्या हाडाला जोडणारा जाड दोर, डॉक्टर त्याला अकिलीस टेंडन म्हणतात. चिमटीत शीर धरा आणि पोटरीकडून खाली दाबत या. सर्वांत जास्त दुखणारी जागा टाचेच्या हाडापासून दोन ते सहा सेंटीमीटर वर आहे, की शीर हाडाला जिथे चिकटते अगदी तिथेच? हे नीट बघा, कारण व्यायाम त्यावर ठरतो. मी पहिले तीन महिने नुसती विश्रांती घेतली. दुखणं गेलं, धावलो, आठवड्याभरात परत आलं. या शिरेला रक्तपुरवठा कमी असतो, ती सावकाश भरून येते. आणि तिच्यावर भारच पडला नाही तर ती आणखी कमजोर होते. तिला भार हवा, पण मोजून दिलेला.

तो मोजून देण्याची एक जुनी, साधी पद्धत आहे. हाकान आल्फ्रेडसन या स्वीडिश डॉक्टरने १९९८ मध्ये ती मांडली, हौशी धावपटूंवरच करून बघून. जिन्याच्या पायरीवर चवड्यांवर उभं राहायचं, कठड्याला हात. दोन्ही पायांनी वर जायचं, मग सगळा भार दुखऱ्या पायावर घेऊन टाच सावकाश पायरीखाली उतरवायची. वर येताना पुन्हा चांगल्या पायाची मदत. गुडघा सरळ ठेवून १५ वेळा, असं तीनदा. मग गुडघा किंचित वाकवून तेवढंच. सकाळी एकदा, रात्री एकदा, १२ आठवडे. दिवसाला १८० वेळा होतं हे, आणि कंटाळा येतो, पण माझी शीर यानेच सुधारली. दुखणं हाडाला चिकटलेल्या जागी असेल तर मात्र पायरीखाली टाच न्यायची नाही, सपाट जमिनीवरच करायचं. खाली नेलं की शीर हाडावर दाबली जाते आणि दुखणं वाढतं.

व्यायाम करताना थोडं दुखणारच. किती चालेल? शून्य ते दहाच्या मापात पाचपर्यंत चालतं, पण दुसऱ्या सकाळपर्यंत ते मूळ पातळीवर आलं पाहिजे. मी पलंगापासून न्हाणीघरापर्यंतची पावलं मोजायचो. किती पावलांनंतर टाच मोकळी होते? आठ असेल तर आदल्या दिवशीचा भार बरोबर होता, वीस असेल तर जास्त झाला होता. दुसरं, घरात अनवाणी फिरू नका. रात्री दोन-तीनदा उठून वडिलांकडे जाताना थंड फरशीवर अनवाणी पाय पडतो, तेव्हाच शीर सर्वांत आखडलेली असते. टाचेला थोडी उंची असलेली मऊ चप्पल पलंगापाशीच ठेवा. त्यांना उचलून बसवताना तर बूटच घाला.

आता एक गोष्ट जी मला कोणी सांगितली नव्हती. माझ्या दुखण्याच्या सुरुवातीला मी लघवीच्या संसर्गासाठी सिप्रोफ्लॉक्सासिन घेत होतो आणि त्याच आठवड्यात लांब पल्लाही धावलो होतो. सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन, ओफ्लॉक्सासिन या गटातल्या औषधांनी टाचेच्या शिरेला सूज येऊ शकते, क्वचित ती तुटूही शकते. २००८ साली अमेरिकेच्या औषध नियामकाने या औषधांवर सर्वांत कडक इशारा छापायला लावला. साठीच्या पुढे आणि सोबत स्टिरॉइड चालू असेल तर धोका वाढतो. हे तुमच्यासाठी आहे तसंच वडिलांसाठीही आहे. अंथरुणावर असलेल्या माणसाला लघवीचा संसर्ग वारंवार होतो आणि ही औषधं सर्रास दिली जातात. मनाने बंद करू नका, पण डॉक्टरांना विचारा की दुसरं काही चालेल का. आणि कधी मागून कोणी लाथ मारल्यासारखं वाटून पायाच्या बोटांवर उभंच राहता येईना, तर त्याच दिवशी हाडांच्या डॉक्टरकडे जा.

आता घर. माझे बाबा तेव्हा ७९ वर्षांचे होते. रात्री न्हाणीघरात पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली, पण घरी आल्यावर दर दोन तासांनी कूस बदलून देणं, वॉकर, औषधांचे डबे. मी तेव्हा हाफ मॅरेथॉनच्या तयारीचं वेळापत्रक भिंतीवर लावून बसलो होतो. तीन-साडेतीन तास झोप आणि वर वेळापत्रकातले १४ किलोमीटर. टाच बिघडली यात नवल नव्हतं. तेव्हापासून नियम पाळतो: पाच तासांपेक्षा कमी झोप झाली तर त्या दिवशी फक्त चालणं.

आणखी एक, जरा स्पष्ट लिहितो. आपण पहाटे बाहेर पडतो तेव्हा घरी कोणीतरी त्या वेळेची किंमत मोजत असतं. बहुतेक घरांत ती बायको असते. माझ्या घरीही तेच चाललं होतं आणि बरेच महिने माझ्या लक्षात आलं नाही. मग आम्ही सकाळ वाटून घेतली. सोम, बुध, शुक्र तिची, मंगळ, गुरू, शनि माझी. ती त्या वेळात योगाला जाते की नुसती पेपर वाचत बसते, हा तिचा प्रश्न. रविवारी बहीण हुडकेश्वरहून येते. वाटणी कागदावर असू द्या, मनात नको.

तरी एक भीती राहतेच, की आपण लांब असताना घरी काही झालं तर? म्हणून मी नकाशावर घराभोवती दीड किलोमीटर त्रिज्येचा परीघ काढला. खामला, त्रिमूर्तीनगर, माटे चौक, लक्ष्मीनगरचा काही भाग त्यात येतो. यातून कुठूनही पंधरा मिनिटांच्या आत हळू धावत घरी पोचता येतं. फोन कमरेच्या पट्ट्यात, आवाज चालू. अंतर मोजणं सोडलं, मिनिटं मोजू लागलो. आधी ३५ मिनिटं, त्यात दोन मिनिटं धाव, दोन मिनिटं चाल.

पण त्याच गल्ल्या, तेच चौक. महिन्याभरात मन उडालं. आणि इथेच ओरिएंटिअरिंग आलं.

मित्राचं एक वाक्य दुरुस्त करतो. यात वेळ मोजतातच. नकाशावर जांभळ्या रंगात सुरुवातीचा त्रिकोण, मग क्रमाने गोल, शेवटी दुहेरी गोल. प्रत्येक गोलाच्या मध्याशी जमिनीवर केशरी-पांढरी खूण असते, तिला कंट्रोल म्हणतात. वाट कोणती घ्यायची ते तुम्ही ठरवायचं. म्हणून वेगवान माणूस चुकीच्या नाल्यात उतरला तर सावकाश पण नीट नकाशा वाचणारा त्याच्या आधी पोचतो. वय वाढलेल्या आणि दुखणं सांभाळणाऱ्या माणसाला इथे खरी जागा आहे. जागतिक मास्टर्स स्पर्धा पस्तिशीपासून सुरू होते आणि पाच-पाच वर्षांच्या गटांनी नव्वदीपर्यंत जाते. जंगलाचा नकाशा मुळात १:१५,००० प्रमाणात असतो, वयस्क गटांना तोच मोठा करून १:१०,००० किंवा १:७,५०० वर देतात, कारण चाळिशीनंतर बारीक रेषा दिसत नाहीत. चष्म्याची मलाही अडचण होती, मोठ्या छपाईने ती सुटली.

रंगांची सवय दोन दिवसांत होते. तपकिरी म्हणजे उंचीच्या रेषा, निळं पाणी, काळं दगड आणि बांधकाम, पिवळं मोकळं रान. पांढरं म्हणजे धावता येईल असं जंगल आणि हिरवं जितकं गडद तितकी झाडी दाट. आपल्याकडे यात ऋतूचा घोळ आहे. सागाच्या रानात ऑक्टोबरमध्ये जिथे घुसता येत नाही तिथे फेब्रुवारीत पानं गळून आरपार दिसतं. म्हणून नकाशा कोणत्या महिन्यात केला ते कोपऱ्यात लिहीत जा. गोरेवाड्याला किंवा अंबाझरीच्या जैवविविधता उद्यानात मात्र आखलेली पायवाट सोडून जाऊ नका. ती वनखात्याची जागा आहे, गोरेवाड्याकडे बिबट्याचा वावर आहे आणि तुमच्या टाचेला खडबडीत उतार आत्ता नकोच. या खेळात घोटा मुरगळणं सर्वांत जास्त होतं. पावसाळ्यात काळी माती बुटाला चिकटून पाय जड होतो, तेव्हा मुरमाचा किंवा डांबरी रस्ता बरा.

तुमच्यासाठी सुरुवात वस्तीतली. याचा शहरी प्रकार १:४,००० च्या नकाशावर होतो, म्हणजे एक सेंटीमीटरला चाळीस मीटर. महाल आणि इतवारीचे बोळ यासाठी देवाने दिल्यासारखे आहेत. रविवारी पावणेसहाला, दुकानं उघडायच्या आत, बडकस चौकातून निघून चिटणीस पार्क, गांधी गेट करत शुक्रवारी तलावापर्यंत या. प्रत्येक वळणावर निर्णय घ्यावा लागतो, त्यामुळे आपोआप थांबत थांबत धावणं होतं आणि शिरेला सलग मार बसत नाही. नकाशा घडी घालून हातात, अंगठा आपण आहोत त्या जागेवर, वळलं की नकाशाही वळवायचा, उत्तर उत्तरेलाच राहिली पाहिजे. मूळ रस्ते ओपनस्ट्रीटमॅप या इंटरनेटवरच्या मोफत नकाशावर मिळतात आणि नकाशा काढायला ‘ओपनओरिएंटिअरिंग मॅपर’ हे मोफत सॉफ्टवेअर आहे. बाकी भर पायी फिरून टाकायची: पाण्याची टाकी, पिंपळाचा पार, कुंपणातली फट.

माझा पहिला नकाशा बाबांनी तपासला. ते पाटबंधारे खात्यात होते, पेंचच्या कालव्यांवर उमेदीची वर्षं गेली. कालवा उंचीची रेषा धरूनच न्यावा लागतो, त्यामुळे उंचीच्या रेषा त्यांना अक्षरासारख्या वाचता येतात. खुब्यानंतर ते फार बोलत नव्हते. नकाशा बघितला आणि म्हणाले, “उत्तर कुठे आहे यात?” मी उत्तरेची रेषा टाकलीच नव्हती. मग झिरो माइलचा विषय निघाला. तिथे १९०७ सालचा सर्वेक्षणाचा बेंचमार्क (उंची मोजण्यासाठी पक्की केलेली खूण) आहे, आणि हिंदुस्थानची मोजणी सुरू करणारा विल्यम लँबटन १८२३ मध्ये आपल्या हिंगणघाटलाच वारला, हे मला त्या संध्याकाळी कळलं.

तेव्हापासून शनिवारी रात्री ते जांभळं पेन घेऊन नकाशावर सात-आठ गोल काढतात. प्रत्येक गोलापाशी एक प्रश्न: विजेच्या खांबाचा नंबर काय, मंदिराला पायऱ्या किती. रविवारी उत्तरं घेऊन आलो की चहासोबत तपासणी. “पुलावरून कायले गेला? मागून बोळ आहे ना!” तो बोळ त्यांच्या आठवणीतला, १९७० च्या सुमाराचा. आता तिथे भिंत आहे. मी ती काळ्या जाड रेषेने दाखवली, पुढच्या शनिवारी त्यांनी गोल बरोबर त्या भिंतीच्या पलीकडे काढला.

चाकाच्या खुर्चीतल्या माणसालाही हा खेळ खेळता येतो. ‘ट्रेल ओरिएंटिअरिंग’ नावाचा प्रकार आहे, २००४ पासून त्याची जागतिक स्पर्धा होते. रस्त्यावर थांबून समोरच्या अनेक खुणांपैकी नकाशातल्या गोलाशी नेमकी कोणती जुळते ते ओळखायचं, धावायचं नाही. आम्ही घराजवळच्या बागेत रंगीत फडकी बांधून ते करून बघितलं. बाबा पाचपैकी पाच बरोबर, मी तीन.

उन्हाळ्याचं थोडक्यात. एप्रिल-मेमध्ये सहा-सव्वासहाच्या आत घरी. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, मी बाहेर धावतच नाही, जिन्यावर टाचांचा व्यायाम आणि घरातच पायांचं बळ वाढवतो. त्या दिवसांत म्हाताऱ्या माणसांना तहान कळत नाही. कूलर लावला म्हणजे झालं असं नाही, तासातासाला ताक किंवा पन्हं स्वतः हातात द्यावं लागतं. तेव्हा आपल्या धावण्यापेक्षा ते महत्त्वाचं.

तुमच्या वडिलांची कोणती बाजू गेली, वाचा आहे का, ते तुम्ही लिहिलं नाही. पेन धरता येत असेल तर गोल त्यांना काढू द्या. येत नसेल तर बोट ठेवू द्या, गोल तुम्ही काढा. पहिला नकाशा मानेवाडा चौक ते तुकडोजी पुतळा एवढाच करा, आतल्या ले-आउटच्या (प्लॉट पाडून वसवलेल्या वस्त्यांच्या) गल्ल्यांसकट. आईंना विचारा, कोणत्या ले-आउटमध्ये आधी शेत होतं, विहीर कुठे होती. तेही नकाशात टाका.

मी बहुतेक रविवारी पावणेसहाला बडकस चौकात असतो. टाच चालण्याजोगी झाली की या, नकाशाची एक जास्तीची प्रत, मोठ्या छपाईची, माझ्याकडे असते.