टेक्सासमध्ये रानडुकराच्या शिकारीसाठी पहिली रायफल कोणत्या कॅलिबरची घ्यावी?

एकच रायफल घ्यायची असेल तर .३०८ विंचेस्टर काडतुसाची घ्या आणि १५० ते १६५ ग्रेनची (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं एकक) सॉफ्ट पॉइंट गोळी, म्हणजे लागल्यावर पसरणारी गोळी, वापरा. मोठ्या नराच्या खांद्यावर जाड, चिवट थराची ढालच असते; .२२३ ची ५५ ग्रेनची हलकी गोळी तिथेच फुटून जाऊ शकते आणि जखमी डुक्कर झुडपात घुसतं. (अंधारात त्याचा माग काढायची वेळ शत्रूवरही येऊ नये.) .२२३ वाईट नाही, पण ती कानामागे अचूक मारणाऱ्याच्या हातात शोभते. .३०८ चा धक्का खांद्याला सोसत नसेल तर कमी धक्क्याचं ६.५ क्रीडमूर, अंतर शंभर यार्डांच्या आत असेल तर .३०० ब्लॅकआउट हे काडतूसही चालेल. कुठलीही घेतलीत तरी नेम हरणापेक्षा खाली आणि पुढे धरा, डुकराचं हृदय तिथे असतं. एक मात्र बघा: २०१९ पासून टेक्सासमध्ये खासगी जमिनीवर, मालकाच्या परवानगीने डुक्कर मारायला हंटिंग लायसन्स लागत नाही, पण तुम्ही एच-१बी सारख्या व्हिसावर असाल तर ते आधी काढाच. वैध लायसन्स नसताना अशा व्हिसाधारकाने बंदूक बाळगणं हा केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे.